बेवारस निकल: कनेक्टिकटच्या बाटली-कायद्याचं प्रकरण

२०१९ सालची गोष्ट. अमेरिकेतल्या कनेक्टिकट राज्यात, हार्टफर्डजवळच्या एका गावात घर घेतलं होतं आणि गणपतीच्या आरतीला आलेल्या मंडळींनी सोडा, बिअर आणि पाण्याच्या रिकाम्या डब्या-बाटल्यांची चांगली दोन पोती मागे ठेवली होती. शेजारच्या आजोबांनी कुंपणावरूनच सांगितलं की हे पुनर्वापराच्या निळ्या पेटीत टाकू नकोस, प्रत्येकी पाच सेंट मिळतात. मी पोती गाडीत टाकली आणि सुपरमार्केटला गेलो.

दुकानाच्या दोन दारांमधल्या बोळात तीन यंत्रं होती: एक काचेचं, एक प्लॅस्टिकचं, एक डब्यांचं. शिळ्या बिअरचा वास, आणि फरशी इतकी चिकट की चप्पल उचलताना आवाज यायचा. काचेच्या यंत्रावर तांबडा दिवा, म्हणजे पोट भरलेलं. उरलेल्या दोन यंत्रांत एकेक नग घालायचा, आतलं चाक तो फिरवून पट्टीवरचे काळे दांडे वाचतं, मग करकचून चिरडण्याचा आवाज. चेपलेल्या डब्याची पट्टी वाचता येत नाही, तो डबा यंत्र तोंडातून परत बाहेर ढकलतं. दुकान जो ब्रँड विकत नाही, तोही परत. एकूण ४६ नगांपैकी ३१ घेतले गेले. १ डॉलर ५५ सेंटची चिठ्ठी आली, ती काउंटरवर देऊन पैसे घेतले. उरलेले पंधरा नग घरी आणून मी निमूटपणे निळ्या पेटीत टाकले.

पंधरा नगांवर मी विकत घेतानाच पंचाहत्तर सेंट अनामत भरली होती. ते पंचाहत्तर सेंट गेले कुठे, याचा माग काढता काढता एका राज्याच्या अर्थसंकल्पातली बारीकशी पण गंमतशीर गाठ हाती लागली.

अनामतीचा प्रवास

कनेक्टिकटने बाटली-कायदा, म्हणजे पेयांच्या डब्या-बाटल्यांवर परत मिळणाऱ्या अनामतीची सक्ती करणारा कायदा, १९७८ मध्ये केला आणि तो १ जानेवारी १९८० पासून लागू झाला. ओरेगनने १९७१ मध्ये देशातला पहिला असा कायदा केला होता, त्यानंतर दहा-बारा वर्षांत आणखी काही राज्यांनी त्याचा कित्ता गिरवला. कल्पना आपल्याला नवी नाही. आरेच्या केंद्रावर रिकामी काचेची बाटली दिल्याशिवाय भरलेली मिळायची नाही, हे पाहिलेली पिढी अजून आहे. फरक इतकाच की आरेची बाटली धुऊन पुन्हा भरली जायची, आणि इथे डबा वितळवला जातो.

पैसा असा फिरतो, आकडे २०१९ चे. वितरक दुकानदाराला माल देताना दर नगामागे पाच सेंट अनामत घेतो. दुकानदार ती गिऱ्हाइकाकडून घेतो. गिऱ्हाईक रिकामा डबा परत आणतं तेव्हा दुकानदार किंवा स्वतंत्र परतावा केंद्र त्याला पाच सेंट देतं, आणि मग तेच पाच सेंट वितरकाकडून वसूल करतं. वर हाताळणीचा मोबदला म्हणून बिअरच्या नगामागे दीड सेंट आणि सोड्याच्या नगामागे दोन सेंट, हाही वितरकाच्याच खिशातून. सगळे डबे परत आले तर अनामतीचा हिशोब शून्यावर येतो. पण सगळे कधीच येत नाहीत. जो डबा समुद्रकिनाऱ्यावर राहिला, कचऱ्यात गेला किंवा माझ्यासारख्याने कंटाळून निळ्या पेटीत टाकला, त्याची अनामत वितरकाकडे पडून राहते.

जवळजवळ तीस वर्षं कनेक्टिकटमध्ये ती वितरकाचीच होती. कायद्याने ती त्याला दिली होती असं नाही, दुसऱ्या कुणाला दिली नव्हती इतकंच.

२००८ चा नोव्हेंबर

सप्टेंबर २००८ मध्ये वॉल स्ट्रीट कोसळली. कनेक्टिकट हे विमा कंपन्या आणि हेज फंडांच्या कमाईवर पोसलेलं राज्य, त्यामुळे त्याच्या प्राप्तिकराला पहिला धक्का बसला. गव्हर्नर जोडी रेल होत्या. राज्याच्या तिजोरीत खड्डा पडलेला, कर वाढवायची कुणाची छाती नाही, अशा वेळी विधिमंडळ जे करतं तेच झालं: कोपऱ्याकोपऱ्यात पडलेले पैसे शोधायला सुरुवात. नोव्हेंबरच्या खास अधिवेशनात वितरकांना १ डिसेंबर २००८ पासून अनामतीचा पैसा वेगळ्या खात्यात ठेवायला सांगितलं गेलं, आणि २००९ च्या सुरुवातीला पुढचा कायदा आला की न मागितलेली शिल्लक राज्याच्या सर्वसाधारण निधीत भरायची. बेवारस मालमत्ता सरकारजमा होते, हे जुनं तत्त्व. फक्त इथे वारस असतो, तो फक्त बाटली घेऊन येत नाही.

त्याच वर्षी पाण्याच्या बाटल्याही कायद्याखाली आल्या. पर्यावरणवाद्यांची ही कितीतरी जुनी मागणी. तिजोरीला पैसा हवा होता तेव्हाच ती मान्य झाली, हा योगायोग मला पटत नाही, पण निर्णय चांगलाच होता.

वितरक कोर्टात गेले. अनामत आमच्या व्यवहारातली, म्हणून पैसा आमचा, सरकारने तो भरपाईशिवाय हिसकावला, आणि तोही कायदा होण्याआधीच्या महिन्यांसकट, असा त्यांचा दावा होता. प्रकरण राज्याच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं आणि २०१३ मध्ये निकाल सरकारच्या बाजूने लागला. सार असं की अनामतीची ही सगळी व्यवस्थाच कायद्याने जन्माला घातलेली आहे. त्यात न परतलेल्या पैशावर वितरकाचा मालकीहक्क कधी निर्माणच झाला नव्हता, मग हिरावला काय? शेजारच्या मॅसॅच्युसेट्समध्ये वीस वर्षांपूर्वी असाच दावा असाच निकाली निघाला होता.

न्यायाच्या दृष्टीने मला यात खोट दिसत नाही. पैसा मूळचा गिऱ्हाइकाचा, तो कुणा खासगी धंद्याच्या नफ्यात जाण्यापेक्षा सार्वजनिक कामाला गेलेला बरा. घोटाळा झाला तो पुढे.

तिजोरीला लागलेली चटक

पाच सेंटचं नाणं, ज्याला तिकडे निकल म्हणतात, १९८० मध्ये बऱ्यापैकी वजनदार होतं. महागाईच्या हिशोबाने तेव्हाचे पाच सेंट म्हणजे २०२३ चे साधारण अठरा. किंमत झिजत गेली तशी लोकांची डबे परत नेण्याची हौसही झिजली. २०२० च्या आसपास कनेक्टिकटमध्ये विकलेल्या शंभर अनामती नगांपैकी पंचेचाळीसही परत येत नव्हते. अनामतीची सक्ती असलेल्या राज्यांत हे प्रमाण तळाला होतं.

आणि राज्याच्या निधीत दर वर्षी ४ कोटी डॉलरच्या आसपास जमा होत होते.

ही दोन वाक्यं एकाच गोष्टीची दोन तोंडं आहेत. कायद्याचा हेतू डबा परत यावा हा. कायद्याची मिळकत मात्र डबा परत न येण्यावर. जितका कायदा फसेल तितकी तिजोरी भरेल. एखाद्या खात्याने शहरात दंडाच्या पावत्या फाडून पगार भागवायला सुरुवात केली की त्या खात्याला नियम पाळणारी माणसं नकोशी वाटू लागतात, तसाच प्रकार.

राज्याचा सर्वसाधारण निधी तेव्हा वर्षाला २ हजार कोटी डॉलरहून मोठा होता. म्हणजे बाटल्यांचा पैसा हजार रुपयांच्या पगारात दोन रुपये. एवढ्याशा रकमेने कुणाचं धोरण बदलतं का, असा प्रश्न मलाही पडला होता. त्याचं उत्तर विधेयकांच्या कागदांत आहे. कनेक्टिकटमध्ये कुठलंही विधेयक पुढे सरकताना त्याला विधिमंडळाच्या वित्त-विश्लेषण कार्यालयाचं आर्थिक टिपण जोडतात. अनामत दहा सेंट करा, हाताळणीचा मोबदला वाढवा, केंद्रं वाढवा, यांपैकी काहीही सुचवलं की परतावा वाढणार, आणि परतावा वाढला की टिपणात राज्याच्या उत्पन्नात घट. ही घट डॉलरमध्ये लिहिता येते. गावांच्या कचरा-खर्चात होणारी बचत, रस्त्याकडेची कमी झालेली घाण, यांना आकडा लावणं कठीण, ती ‘शक्य आहे’ या शब्दापाशी थांबते. समितीच्या टेबलावर पक्का तोटा आणि कच्चा फायदा समोरासमोर आले की काय होतं ते सांगायला नको. शिवाय दोन रुपयेच असले तरी ते कुणाच्या तरी ओळीत आधीच खर्ची पडलेले असतात.

कुणी मुद्दाम डबे परत येऊ नयेत असा कट केला, असं मी म्हणत नाही. पेयकंपन्या, वितरक आणि किराणा दुकानदार यांचा प्रत्येक सुधारणेला कडवा विरोध होता, आणि तो या बेवारस पैशाच्या कितीतरी आधीपासून. पण पूर्वी त्या विरोधाला सरकारकडून उत्तर मिळण्याची शक्यता तरी होती. २००९ नंतर सरकारच हळूच त्या बाकावर जाऊन बसलं.

हाताळणीचा मोबदला हे याचं सगळ्यात बोलकं उदाहरण. दीड आणि दोन सेंट हे दर १९८० च्या दशकातले. त्यावर २०२० मध्ये परतावा केंद्र चालवायचं म्हणजे गाळ्याचं भाडं, दोन माणसांचा पगार, वीज आणि मुंग्या-माश्यांचा बंदोबस्त एका डब्यामागे दीड सेंटात बसवायचा. केंद्रं बंद पडत गेली, राज्यभरात हाताच्या नाही तरी हातापायांच्या बोटांवर मोजण्याइतकी उरली. मग लोक सुपरमार्केटच्या बोळात रांग लावणार, तिथे यंत्र भरलेलं असणार, आणि पंधरा डबे निळ्या पेटीत जाणार. दुकानदारालाही यंत्र वेळेवर रिकामं करण्यात काही गोडी नव्हती. म्हणून मी त्या दुकानाला फार दोष देत नाही.

गावांचा हिशोब वेगळा

राज्य आणि गावं यांची पाकिटं वेगळी आहेत, हे लक्षात घेतल्याशिवाय या प्रकरणातला पुढचा भाग कळत नाही. कनेक्टिकटमध्ये १६९ नगरं आणि गावं आहेत, आणि घरोघरचा कचरा त्यांच्या गळ्यात. पूर्वी पुनर्वापराचा माल विकून चार पैसे सुटायचे, त्यामुळे अल्युमिनियमचे डबे अनामतीच्या वाटेने दुसरीकडे जातात म्हणून काही गावं कुरकुरायची. डबा हा त्या निळ्या पेटीतला दागिना असतो, काच ही डोकेदुखी.

२०१८ मध्ये चीनने परदेशी टाकाऊ माल घेण्यावर कडक बंधनं आणली आणि बाजार उलटला. माल विकून मिळायचे ते सोडाच, तो कुणी न्यावा म्हणून गावांना पैसे मोजावे लागू लागले. सगळं एकाच पेटीत टाकायच्या पद्धतीत काच ट्रकमध्येच फुटते, कागदात घुसते, यंत्रांचे पट्टे कापते. अनामतीच्या वाटेने आलेली काच मात्र स्वच्छ, एकजिनसी, तिला गिऱ्हाईक असतं. त्यात हार्टफर्डचा कचरा जाळून वीज करणारा मोठा प्रकल्प शेवटच्या घटका मोजत होता. २०२२ च्या जुलैमध्ये तो बंदच झाला, आणि राज्याचा पुष्कळसा कचरा ट्रक-रेल्वेने ओहायो आणि पेनसिल्व्हेनियाच्या कचराभूमींकडे जाऊ लागला. टनामागे भाडं भरून.

म्हणजे चित्र असं: माझ्या पंधरा डब्यांवर राज्याने पंचाहत्तर सेंट कमावले, आणि माझ्या गावाने ते डबे निवडायला-वाहायला खर्च केला. दोन्ही पैसे माझेच.

२०२१ ची दुरुस्ती

गव्हर्नर नेड लॅमाँट यांच्या काळात, २०२१ मध्ये, गाडी शेवटी हलली. त्यात गावांचा रेटा होता, कचऱ्याचं संकट होतं, आणि मला वाटतं एक साधं कारणही होतं: त्या वर्षी केंद्राच्या साथकाळातल्या मदतीमुळे राज्याची तिजोरी तुडुंब होती. दोन रुपये सोडणं परवडत होतं. ज्या दारिद्र्यात पैसा ओढला गेला, त्याच्या उलट सुबत्तेत तो सुटला.

दुरुस्तीने हाताळणीचा मोबदला बिअरला अडीच आणि इतर पेयांना साडेतीन सेंट केला, आणि तो सगळ्यात आधी, ऑक्टोबर २०२१ पासून. जानेवारी २०२३ पासून रस, चहा, खेळाडूंची पेयं वगैरे अनामतीखाली आली. आणि १ जानेवारी २०२४ पासून अनामत दहा सेंट.

याहून हुशार तरतूद मात्र बेवारस पैशाची होती. वितरकांचा विरोध बोथट करायला त्यांना त्या पैशात टप्प्याटप्प्याने वाटा दिला: आर्थिक वर्ष २०२३ मध्ये (ते जुलै २०२२ लाच सुरू झालं) ५ टक्के, मग ३५, मग ४५, आणि २०२६ पासून पुढे ५५. उरलेले राज्याचे. वाढलेला मोबदला त्यांनीच द्यायचा, तर त्याची सोय यातून. तडजोड म्हणून ठीक. पण आता डबा परत न येण्यात फायदा असणारे एकाऐवजी दोघे झाले, हे कागदावर कुणाला खटकलं नाही असं दिसतं.

आकडेमोड करून पाहण्यासारखी आहे. पाच सेंटच्या दिवसांत शंभरातले ५६ नग परत न आल्यास २८० सेंट बेवारस. दहा सेंट झाल्यावर तेवढेच २८० हवे असतील तर २८ नग बुडायला हवेत, म्हणजे ७२ टक्के परत आले तरी बेवारस गल्ला तेवढाच राहतो. अनामत वाढवली की तिजोरीचं नुकसान होतं हा समज एवढ्यासाठीच अर्धवट होता. ७२ टक्क्यांच्या अलीकडे प्रत्यक्षात फायदाच होतो. राज्याचं खरं उत्पन्न घटतं ते वितरकांना दिलेल्या वाट्यामुळे: त्या २८० मधले राज्याला १२६ सेंट. आणि प्रमाण ९० टक्क्यांवर गेलं तर शंभर सेंट बेवारस, राज्याचे पंचेचाळीस.

याच कायद्यात ‘निप्स’ नावाचा एक शेपूट-प्रकार आहे. निप म्हणजे ५० मिलिलिटरची दारूची चिमुकली बाटली, खिशात मावणारी, आणि म्हणूनच बसथांब्याच्या गटारात सापडणारी. तिच्यावर अनामत न लावता पाच सेंटचा अधिभार लावला, जो परत मिळत नाही. तो पैसा विक्रीच्या प्रमाणात त्या त्या गावाला जातो आणि त्याने कचरा कमी करण्याची कामं करायची. रस्ता झाडायची यंत्रं त्यातून आली. गटारातल्या बाटल्या किती कमी झाल्या, हे ज्याने त्याने आपल्या गटारात पाहावं. बाटली परत आणायला कुणाला काही कारणच दिलेलं नाही.

इतरांनी काय केलं

मिशिगनने जनमताने १९७६ मध्ये कायदा केला आणि पहिल्यापासून अनामत दहा सेंट ठेवली. तिथेही न मागितलेला पैसा सरकार घेतं, पण १९८९ च्या कायद्याने त्यातले २५ टक्के दुकानदारांना आणि ७५ टक्के प्रामुख्याने प्रदूषित जमिनींच्या सफाईच्या निधीला जातात. पैशाला नाव आणि काम असलं की तो सहज कुणाच्या ओळीत मुरत नाही. तरी २०२० मध्ये साथीमुळे दुकानांतला परतावा मार्च ते जून थांबला तेव्हा ८९ टक्क्यांच्या आसपासचं प्रमाण ७३ वर आलं आणि बेवारस रक्कम दहा कोटी डॉलरच्या वर गेली. ते प्रमाण पुन्हा पूर्वीच्या जागी आलंच नाही. सवय मोडायला तीन महिने पुरले.

कॅलिफोर्नियात हा पैसा राज्याच्या वेगळ्या निधीत जातो, आणि मंदीत सर्वसाधारण निधीने त्यातून कोट्यवधी डॉलर उसने घेतले. नाव लिहिलेल्या डब्यातूनही घरातलं मोठं माणूस पैसे काढू शकतं.

ओरेगनचं मला सगळ्यात आवडतं. तिथे बेवारस पैसा राज्य घेतच नाही, तो पेय-वितरकांच्या सहकारी संस्थेकडे राहतो आणि परताव्याची यंत्रणा तीच चालवते. आणि विधिमंडळाने २०११ मध्येच लिहून ठेवलं होतं की परतावा सलग दोन वर्षं ८० टक्क्यांखाली राहिला तर अनामत आपोआप दहा सेंट. तो राहिला, आणि एप्रिल २०१७ मध्ये अनामत वाढली. नवं विधेयक नाही, नवं टिपण नाही.

आपल्याकडे महाराष्ट्राने २०१८ च्या प्लॅस्टिक-नियमांत पेट बाटल्यांवर परतखरेदीची किंमत छापायला लावली. छापून आली, पण दुकानदार बाटली परत घेताना मी तरी पाहिला नाही. गोव्याने २०२४ मध्ये अनामत-परतावा योजना अधिसूचित केली आहे. तिथल्या मित्रांना मी एकच विचारतो: न परतलेला रुपया कुणाच्या खात्यात जाणार, ते कलम आधी वाचलंत का?

डिसेंबर २०२३

कायद्यात अशी मेख होती की १ जानेवारीनंतर आणलेल्या प्रत्येक डब्याला दहा सेंट, मग त्यावर पाच छापलेले असोत. ही बातमी पसरायला काही वेळ लागला नाही. ऑक्टोबरपासूनच गॅरेजं भरू लागली. ज्या माणसांनी वर्षानुवर्षं एक डबा परत नेला नव्हता ते पोत्यांना गाठी मारून तारखेची वाट पाहत होते. आमच्या शेजारच्या आजोबांनी तर गाडी बाहेर उभी करून गॅरेजात पोती लावली होती, बर्फात काच खरवडताना सकाळी शिव्या घालायचे पण पोती हलवली नाहीत.

जानेवारीच्या पहिल्या शनिवारी आम्ही दोघे एका परतावा केंद्रावर गेलो. रांग पार्किंगच्या बाहेर रस्त्यापर्यंत. मॅसॅच्युसेट्सची पाटी असलेली एक व्हॅन रांगेत होती. तिथे अजून पाचच सेंट मिळतात, आणि ऱ्होड आयलंडमध्ये तर अनामतच नाही, त्यामुळे सीमेपलीकडचे डबे ही वितरकांची नवी तक्रार होऊन बसली आहे. त्या व्हॅनमध्ये काय होतं ते मी विचारलं नाही. आत एक मुलगी हातमोजे घालून टेबलावर डबे ओतत होती आणि दोन्ही हातांनी दोन-दोन उचलून पुठ्ठ्याच्या खोक्यात टाकत होती, ओठ हलवत, यंत्राच्या तिप्पट वेगाने. चेपलेले डबेही तिने नुसते उलटून पाहिले आणि घेतले. आजोबांचे ४१२ झाले. एक्केचाळीस डॉलर वीस सेंट. माझे ६३, आणि परत आणायला एकही उरला नाही.

घरी येऊन मी २०१९ चा तो हिशोब नव्या दराने मांडून पाहिला. पंधरा डबे आज बुडवले तर दीड डॉलर बेवारस. जुलै २०२५ पासूनच्या वाटणीप्रमाणे त्यातले साडेब्याऐंशी सेंट वितरकाचे, साडेसदुसष्ट राज्याचे. म्हणजे पंधरा वर्षं कवटाळलेल्या निकलची अनामत दुप्पट करून, निम्म्याहून जास्त वाटा देऊन, राज्याच्या हातचे गेले साडेसात सेंट.